पिंजऱ्याखालचे लेंडीखत

प्रतिनिधी

शहरातील अनेक सदनिकांच्या गॅलरीत आज दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. एका कोपऱ्यात सशाचा किंवा गिनिपिगचा पिंजरा असतो, तर दुसऱ्या कोपऱ्यात तुळस, मोगरा, कढीपत्ता, कोथिंबीर यांच्या कुंड्या. दोहोंमधील अंतर जेमतेम चार हात. तरीही पिंजऱ्यातील लेंड्या आणि भिजलेला भुसा पिशवीत बांधून घंटागाडीत टाकला जातो आणि कुंड्यांसाठी खताची पिशवी मात्र रोपवाटिकेतून विकत आणली जाते.

पिंजऱ्यातील या कचऱ्याचे घरच्या घरी खत करता येईल काय, असा प्रश्न बागप्रेमींना हमखास पडतो. त्याचे उत्तर सरसकट 'होय' असेही नाही आणि 'नाही' असेही नाही. गवत, पाला व धान्य खाणाऱ्या लहान प्राण्यांची विष्ठा आणि त्यांच्या पायाखालचे अंथरण हा खतासाठी उत्तम कच्चा माल आहे. कुत्रा व मांजर यांची विष्ठा मात्र खाण्याच्या भाज्यांना घालावयाच्या खतात कधीही मिसळू नये. पिंजऱ्यातील पक्षी या दोहोंच्या मध्ये येतात. ही रेघ कोठे व का ओढावयाची, हे एकदा समजले की उरलेले काम सोपे आहे.

लेंडीखताचीच धाकटी पाती

प्राण्यांच्या विष्ठेपासून खत ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. धनगरांचे कळप शेतात बसविण्याची प्रथा आजही अनेक ठिकाणी आहे. रात्रभर मेंढ्या शेतात बसल्या की लेंड्या आणि मूत्र थेट जमिनीला मिळते आणि त्याच्या बदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य अथवा पैसे देतो. शेणखत, लेंडीखत, कोंबडखत यांपैकी प्रत्येकाचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक असतो. कोंबडखत 'उष्ण', ते मुरल्याशिवाय पिकाला द्यावयाचे नाही. लेंडीखत त्या मानाने सौम्य आणि दीर्घकाळ पुरणारे, असा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो.

सशाचे आणि गिनिपिगचे खत ही या लेंडीखताचीच धाकटी पाती होय. मोठा ससा दिवसाला साधारणपणे दोनशे ते तीनशे लेंड्या टाकतो. या लेंड्या कोरड्या, गोल, फारसा वास नसलेल्या आणि हाताळण्यास सोप्या असतात. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. सशाच्या लेंड्यांत ते दोन टक्क्यांच्या वर असल्याचे खतांच्या तक्त्यांत आढळते. लेंड्यांत पाण्याचा अंश कमी असणे हे यामागील एक कारण आहे. स्फुरद आणि पालाशही त्यांत असते. मूत्रातील नत्र त्याहून लवकर उपलब्ध होते, परंतु ते टिकून राहावयाचे तर शोषून घेणारे काहीतरी पायाखाली हवे. पिंजऱ्यातील अंथरण नेमके तेच काम करते.

अंथरणाचे हे महत्त्व शास्त्रीय पातळीवर ज्या प्रयोगांनी जगापुढे आणले, ते इंदूरला झाले. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत काम करताना 'इंदूर पद्धती' विकसित केली. १९३१ मध्ये त्यांनी यशवंत वाड यांच्यासह शेतातील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. शेतातील काडीकचरा आधी गुरांच्या पायाखाली अंथरावयाचा, तो मूत्राने भिजला व तुडविला गेला की शेणासह ढिगात रचावयाचा, गोठ्यातील मूत्र शोषलेली मातीही त्यात घालावयाची आणि ढीग ठरावीक काळाने वर-खाली करावयाचा, हे त्या पद्धतीचे सार होते. पिंजऱ्यातील भिजलेला भुसा हे त्या गोठ्यातील अंथरणाचे छोटे रूप आहे. तत्त्व तेच आहे, फक्त आकारमान बदलले आहे.

कर्ब आणि नत्र यांचा मेळ

खत म्हणजे जिवाणू व बुरशी यांनी केलेले विघटन. या सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि शरीर घडविण्यासाठी नत्र. ढिगात साधारण तीस भाग कर्बामागे एक भाग नत्र असले की काम जोमाने चालते. नत्र जास्त झाल्यास ते अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते व उग्र दर्प सुटतो. कर्ब जास्त झाल्यास ढीग महिनोन्‌महिने जसाच्या तसा पडून राहतो.

पिंजऱ्यातील कचऱ्यात या दोन्ही गोष्टी मुळातच एकत्र आलेल्या असतात. लेंड्या व मूत्र नत्र देतात. अंथरण कर्ब देते. अडचण येते ती प्रमाणाची. लाकडाच्या भुशात कर्बाचे प्रमाण नत्राच्या दोनशे ते पाचशे पट असते. गव्हाच्या काडात ते साधारण ऐंशी पट, वाळलेल्या पाल्यात चाळीस ते ऐंशी पट, तर स्वयंपाकघरातील भाजीपाल्याच्या कचऱ्यात पंधरा ते पंचवीस पट असते. त्यामुळे गवत व काड अंथरलेल्या सशाच्या पिंजऱ्यातील कचरा जवळजवळ जसाच्या तसा खतासाठी योग्य ठरतो. भुसा अंथरलेल्या हॅम्स्टरच्या पिंजऱ्यातील कचऱ्यात लेंड्या कमी आणि भुसा भरपूर असतो. त्यात भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा असा ओला कचरा सढळ हाताने मिसळावा लागतो.

अर्धवट कुजलेला भुसा कुंडीत घालणे ही नेहमी होणारी चूक आहे. असा भुसा कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो आणि झाडाची पाने पिवळी पडू लागतात. खत घालूनही झाड खंगते, ते या कारणाने. भुसा पूर्ण काळा पडून ओळखू येईनासा होईपर्यंत तो कुंडीत जाता कामा नये.

अंथरण कोणते असावे?

अंथरणाची निवड पिंजऱ्यापाशीच करावी. कारण जे पायाखाली जाईल तेच पुढे मातीत आणि मातीतून ताटात जाणार आहे.

वृत्तपत्राच्या कागदाच्या पट्ट्या हे सर्वांत स्वस्त अंथरण आहे. त्याची काळी शाई मुख्यतः कर्बयुक्त असते आणि कागद लवकर कुजतो. गुळगुळीत, चकचकीत रंगीत पुरवण्या व जाहिरातींची पत्रके मात्र वेगळी काढावीत. वाळलेले गवत, गव्हाचे काड, नारळाच्या काथ्याचा भुसा, उसाची चिपाडे यांपैकी जे गावात सहज मिळते ते वापरावे. कोकणात भाताचे तूस मुबलक असते. त्यात सिलिका अधिक असल्याने ते सावकाश कुजते, परंतु ढीग भुसभुशीत ठेवून त्यात हवा खेळती ठेवते.

लाकडाच्या भुशाबाबत विशेष काळजी आवश्यक आहे. वखारीतील अखंड लाकूड कापताना पडलेला भुसा किंवा रंधा मारताना निघालेली सालपटे चालतात. सागवानाचा भुसा चालतो, पण तो कुजण्यास अधिक वेळ घेतो. फर्निचरच्या कामाच्या जागी फुकट मिळणारा भुसा मात्र बहुधा प्लायवुड, पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ यांचा असतो. या फळ्या चिकटविण्यासाठी वापरलेल्या डिंकांत फॉर्माल्डिहाइडसारखी रसायने असतात. वाळवी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या लाकडात तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांची संयुगे असू शकतात. असा भुसा पिंजऱ्यातही नको आणि खतातही नको. ताज्या पाइनच्या सालपटांचा तीव्र वास लहान प्राण्यांच्या श्वसनाला त्रासदायक ठरतो, म्हणून ती निदान वाळवून घ्यावीत.

मांजरासाठी विकत मिळणारी 'लिटर' बहुधा बेंटोनाइट माती किंवा सिलिकाचे खडे असतात. ती कुजत नाही. उलट पाणी लागताच चिखलाचा घट्ट गोळा होतो. मांजराच्या विष्ठेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी केवळ याच कारणाने ती कुंडीसाठी निरुपयोगी आहे.

आयात केलेले गवत सशांसाठी आता शहरांतील दुकानांत मिळते. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये अनेक बागाईतदारांच्या टोमॅटो व घेवड्याची पाने अचानक वळून वाकडी होऊ लागली. कुरणातील तणे मारण्यासाठी फवारलेले अमिनोपायरॅलिड हे तणनाशक गवतातून जनावराच्या पोटात, तेथून शेणात आणि शेणखतातून बागेत पोहोचल्याचे निष्पन्न झाले. त्या तणनाशकाची विक्री काही काळ थांबवावी लागली होती. हे द्रव्य खत मुरल्यानंतरही टिकून राहू शकते. त्यावर घरगुती चाचणी सोपी आहे. तयार खत निम्म्या मातीत मिसळून एका कुंडीत व नुसती माती दुसऱ्या कुंडीत घेऊन दोन्हींत घेवड्याचे किंवा वाटाण्याचे दाणे पेरावेत. तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतील रोपांचीच पाने वाटीसारखी वळली, तर ते खत भाज्यांना वापरू नये.

कुत्र्या-मांजराचे का नको?

'शेण चालते, लेंड्या चालतात, मग कुत्र्याने काय बिघडवले?' असा सवाल अनेक जण करतात. याचे उत्तर वासात नाही, तर परोपजीवींत आहे.

कुत्र्याच्या आतड्यात टोक्सोकारा नावाचा गोलकृमी आढळतो. पिल्लांत त्याचे प्रमाण अधिक असते. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात, काही आठवड्यांत मातीत संसर्गक्षम होतात आणि तेथे अनेक वर्षे जिवंत राहू शकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या बोटांवाटे ती पोटात गेल्यास अळ्या यकृत, फुप्फुस आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. डोळ्याला झालेली इजा कायमची ठरू शकते.

मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परोपजीवी पसरतो. त्याची बीजांडे बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात आणि ओल्या मातीत वर्षभराहून अधिक काळ टिकू शकतात. सुदृढ माणसाला त्याचा फारसा त्रास जाणवत नाही. गर्भवती स्त्रीला प्रथमच संसर्ग झाल्यास मात्र गर्भपाताचा किंवा बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा होण्याचा धोका असतो. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर व मुळा ज्या कुंडीत वाढतात, तेथे असे खत घालणे म्हणजे विषाची परीक्षा होय.

खताच्या ढिगात उष्णता निर्माण होते, ती हे जंतू मारत नाही काय? मारते, परंतु पुरेशी उष्णता असेल तरच. सांडपाण्याच्या गाळाचे खत करण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घालून दिलेल्या निकषानुसार उघड्या रांगांमधील ढिगाचे तापमान किमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअस वा अधिक राहावे लागते आणि त्या काळात तो पाच वेळा उलथावा लागतो. एवढी उष्णता धरून ठेवण्यासाठी ढीग निदान एक मीटर लांब, रुंद व उंच असावा लागतो. गॅलरीतील ड्रम, माठ किंवा क्रेट यांतील खत थोडे कोमट होते आणि थंडावते. त्यावर जंतुनाशाची भिस्त ठेवता येत नाही. गांडूळखताचा ढीग तर मुद्दामच थंड ठेवावा लागतो.

अलास्कात बर्फावरून गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेचे मोठ्या प्रमाणावर खत करण्याचे प्रयोग झाले आणि अमेरिकेच्या कृषी विभागाने २००५ मध्ये त्याविषयी पुस्तिकाही काढली. मात्र हे खत माणसाच्या खाण्याच्या पिकांना घालू नये, असाच सल्ला तिच्यात देण्यात आला. तज्ज्ञांच्या देखरेखीखालील मोठ्या ढिगांबाबत ही सावधगिरी असेल, तर गॅलरीतील ड्रमबाबत वेगळे काय सांगावे?

लहान प्राणीही सर्वस्वी निर्धोक नाहीत

ससा वा गिनिपिग यांच्या लेंड्यांतून वरील दोन धोके संभवत नाहीत, म्हणून त्या निर्जंतुक आहेत असे समजू नये. कोणत्याही प्राण्याच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. त्यामुळे लेंड्या हाताळताना हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

हॅम्स्टर आणि पांढरे उंदीर यांच्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या प्राण्यांच्या मलमूत्रातून 'एलसीएमव्ही' हा विषाणू क्वचित पसरतो. २००५ मध्ये अमेरिकेत एका अवयवदात्याच्या घरातील हॅम्स्टरकडून आलेला हा विषाणू अवयव मिळालेल्या चार रुग्णांपर्यंत पोहोचला आणि त्यांतील तिघांचा मृत्यू झाला. ही घटना अपवादात्मक आहे. तरीही गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांनी अशा पिंजऱ्यांची सफाई स्वतः करू नये. भुसा झटकून धूळ उडविण्याऐवजी त्यावर थोडे पाणी शिंपडून मगच तो उचलावा.

आजारी प्राण्याची विष्ठा खतात घालू नये. जंतावरील औषध दिल्यानंतर निदान दोन आठवडे लेंड्या वेगळ्या ठेवाव्यात. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश विष्ठेतून बाहेर पडतो आणि ती कुजविण्यास मदत करणाऱ्या कीटकांना मारक ठरतो. आणखी एक बाब ससेपालकांनी ध्यानात घ्यावी. सशांना होणाऱ्या कॉक्सिडिया या रोगाचे परोपजीवी माणसाला होत नाहीत. पण अर्धवट मुरलेल्या खतावर वाढविलेले गवत पुन्हा सशालाच घातल्यास रोगाचे चक्र सुरू राहते.

पक्ष्यांचे काय?

भारतीय जातींचे पोपट पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. घरोघरी दिसतात ते बजरीगर, कॉकॅटिएल, फिंच असे परदेशी पक्षी. त्यांची विष्ठा कोंबडखताप्रमाणे नत्राने समृद्ध व 'उष्ण' असते. ताजी घातल्यास ती रोपांची मुळे जाळते. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो आणि तो वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरतो. म्हणून पिंजऱ्याच्या तळाचा कागद ओला करून गुंडाळून काढावा, नाकावर मास्क असावा आणि हा कचरा भरपूर पाल्यात मिसळून निदान सहा महिने मुरू द्यावा.

खिडकीच्या छज्जावर साचलेली रानकबुतरांची विष्ठा मात्र खतासाठी गोळा करू नये. कबुतरांना दाणे घालण्यावरून २०२५ मध्ये मुंबईत झालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, त्यामागे हाच आरोग्याचा प्रश्न होता. या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास काहींना फुप्फुसदाह जडतो आणि त्यातून फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात.

प्रत्यक्ष कृती

दोन ससे वा तीन-चार गिनिपिग असलेल्या घराला झाकणाचे दोन मध्यम ड्रम पुरतात. एक भरत असताना दुसरा मुरतो. ड्रमच्या बाजूंना व तळाला भोके पाडून आतून बारीक जाळी लावावी. ड्रम विटांवर ठेवावा व खाली ताटली ठेवावी.

तळाशी चार-पाच इंच वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात. त्यावर पिंजऱ्यातील कचरा व स्वयंपाकघरातील चिरलेला ओला कचरा यांचे थर द्यावेत. अंथरण गवताचे असल्यास दोन भाग पिंजऱ्यातील कचऱ्याला एक भाग ओला कचरा पुरेसा होतो. अंथरण लाकडाच्या भुशाचे असल्यास एका भागाला दोन भाग ओला कचरा घ्यावा. प्रत्येक थरावर मूठभर जुने खत किंवा बागेतील माती विरजण म्हणून टाकावी. शिजविलेले अन्न, मासे, मटण, तेलकट पदार्थ घालू नयेत.

ओलाव्याची परीक्षा मुठीने करावी. हातमोजा घालून खत मुठीत दाबले असता बोटांमधून एक-दोन थेंब यावेत. धार लागल्यास पाणी जास्त झाले, असे समजून कोरडा पाला मिसळावा. गोळाच बांधला गेला नाही तर पाणी शिंपडावे. आठवड्यातून एकदा खत वर-खाली करावे. अमोनियाचा वास आल्यास पाला किंवा कागदाच्या पट्ट्या वाढवाव्यात. नासक्या अंड्यासारखी दुर्गंधी आल्यास आत हवा पोहोचत नाही, हे ओळखून खत उलथावे.

ऋतूंप्रमाणे पथ्य बदलते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ड्रम छपराखाली हवा, अन्यथा खतातील पोषक द्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात ढीग वाळून काम ठप्प होते. तेथे ओले गोणपाट झाकावे.

पिंजऱ्यातील कचऱ्यात सांडलेले दाणे असतात आणि ते घुशी-उंदरांना ओढून आणतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या आजाराचा तडाखा अनुभवला आहे. म्हणून दाणे निवडून काढावेत, जाळी शाबूत ठेवावी आणि नवा कचरा नेहमी जुन्या खताखाली दाबावा.

गांडूळखत करावयाचे असल्यास सशाच्या लेंड्या गांडुळांना मानवतात. मूत्राने चिंब झालेले अंथरण मात्र थेट घालू नये. त्यातील अमोनिया व क्षार गांडुळांना मारतात. ते आधी दोन-तीन आठवडे पाल्यासह बाहेर मुरवावे आणि त्याची ऊब ओसरली की गांडुळांना द्यावे.

खत तयार केव्हा झाले?

गवत व कागद यांचे खत अडीच-तीन महिन्यांत तयार होते. भुशाला चार ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तयार खत काळपट तपकिरी, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. लेंडी वा भुशाचा कण ओळखू येत असेल, तर ते चाळणीने चाळून वरचा भाग पुन्हा ड्रममध्ये टाकावा.

सशाच्या लेंड्या ताज्याच कुंडीत टाकल्या तरी झाड जळत नाही, असे सांगितले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु झाडाला न जळणे आणि माणसाला न बाधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चे शेणखत घातल्यानंतर मातीला चिकटून वाढणारे पीक १२० दिवसांपर्यंत आणि मातीपासून वर येणारे पीक ९० दिवसांपर्यंत काढू नये, अशी अट आहे. गॅलरीतील खत पुरेसे तापत नसल्याने हाच मापदंड आपणही पाळावा. ताज्या लेंड्या गुलाब, जास्वंद, मोगरा अशा फुलझाडांना द्याव्यात. टोमॅटो, वांगी, मिरची यांना चांगले मुरलेले खत द्यावे. कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर यांना मात्र ड्रम भरणे थांबविल्यानंतर निदान चार महिने मुरलेलेच खत घालावे आणि भाजी वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यावी. कुंडी भरताना दोन ते तीन भाग मातीस एक भाग खत पुरते.

सोसायटीच्या खड्ड्यात काय जाते?

हा विषय आता केवळ एका घरापुरता राहिलेला नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरविण्याची जबाबदारी टाकली. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोंहून अधिक ओला कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना तसे बजावले. अनेक गृहनिर्माण संस्थांच्या आवारात खताचे हौद उभे राहिले आणि तयार खत सभासदांना वाटले जाऊ लागले.

येथेच खरी जोखीम आहे. स्वतःच्या ड्रममध्ये काय टाकले, हे प्रत्येकाला माहीत असते. सामायिक हौदात एका सभासदाने कुत्र्याची विष्ठा वा मांजराची लिटर गुपचूप टाकली, तर ते खत पुढे दुसऱ्याच मजल्यावरील पालकाच्या कुंडीत जाते. ते वापरणाऱ्या घरात रांगणारे मूल असेल किंवा गर्भवती स्त्री असेल. त्यांना याची कल्पनाही नसते. म्हणून सामायिक हौद असलेल्या संस्थांनी सर्वसाधारण सभेत याविषयी स्पष्ट नियम करावा व तो हौदापाशी ठळक लावावा. ससा-गिनिपिग पाळणाऱ्यांचा कचरा आनंदाने स्वीकारावा. तो हौदातील अतिओल्या कचऱ्याला कोरडेपणा देतो. कुत्र्याची विष्ठा संबंधितांनी शौचालयात टाकावी. मांजराची लिटर रोजच्या रोज कागदात गुंडाळून स्थानिक पालिकेच्या सूचनेनुसार द्यावी. हौदातील खत कशापासून झाले, हे ठाऊक नसल्यास ते फक्त शोभेच्या झाडांना घालावे.

गोठ्यापासून दूर गेलेल्या शहराला सशाच्या पिंजऱ्याने लेंडीखत पुन्हा घरात आणून दिले आहे. खेड्यातील शेतकऱ्याला कोणते खत किती मुरवावयाचे आणि कोणते पिकाला लावावयाचेच नाही, हे कोणी सांगावे लागत नसे. ते तारतम्य तेवढे शहरातील बागप्रेमींनी राखावे.

थोडक्यात

खतात घालावे : ससा, गिनिपिग, हॅम्स्टर, पांढरे उंदीर यांच्या लेंड्या, गवत, काड, वृत्तपत्राचा कागद, तूस, काथ्याचा भुसा, अखंड लाकडाचा भुसा.

जपून घालावे : पिंजऱ्यातील पक्ष्यांची विष्ठा, मूत्राने चिंब झालेले अंथरण, आयात केलेले गवत.

घालू नये : कुत्रा व मांजर यांची विष्ठा, मांजराची लिटर, रानकबुतरांची विष्ठा, आजारी प्राण्याच्या पिंजऱ्यातील कचरा, प्लायवुड व एमडीएफचा भुसा, चकचकीत कागद.